डावऱ्या हाताचा गिलावा

मिस्त्रीचे हात काही एका दिवसात गेले नाहीत. आधी बोटांच्या बेचक्यांत खाज सुटली, मग कातडी भेगाळली, मग भेगांतून पाणी यायला लागलं. सिमेंटमध्ये हात घालणाऱ्याला थोडंफार होतंच, म्हणून पहिल्यांदा कुणी मनावर घेतलं नाही. झोपताना तेल लावायचं, फडकं बांधायचं आणि सकाळी पुन्हा थापी धरायची. असं रेटत रेटत ह्या उन्हाळ्यापर्यंत आलं, आणि ऐन कामाच्या दिवसांत मिस्त्रीला स्वतःच्या सदऱ्याचं बटण लावता येईना. डॉक्टरांनी हात उलटेपालटे करून पाहिले. सिमेंट तुमच्या अंगाला चालत नाही म्हणाले. मलम देतो, पण ओल्या सिमेंटला हात लावलात तर मलम फुकट.

"किती दिवस लावायचा नाही?" मिस्त्रीने विचारलं.

"आता कधीच नाही," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी पुढच्या माणसाला आत बोलावलं.

झालं. गिलावा सोडून ह्या माणसाला आयुष्यात दुसरं काही येत नव्हतं. भिंतीला ह्याचा हात लागला की भिंत आरशासारखी व्हायची, पण साधं लाकूड फोडायला सांगितलं तर कुऱ्हाड दगडावर घालायचा. घरी आला, ओट्यावर बसला आणि दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवून रस्त्याकडे बघत राहिला. बायकोने पाणी आणून दिलं, तर तांब्याही दोन्ही मनगटांत धरून प्यायला.

बायकोला सगळे डावरी म्हणत. लहानपणापासून ती सगळं डाव्या हाताने करायची, म्हणून माहेरी पडलेलं नाव सासरीही तिच्या मागे आलं. लग्न झाल्यापासून ती नवऱ्याच्या हाताखाली बिगारी होती. तो पहाडावर, म्हणजे बांबू-फळ्यांच्या परांचीवर, उभा राहून भिंत थापायचा, ती खाली माल कालवून घमेल्यातून वर पोचवायची. तिच्या टाळूवरचे केस घमेल्याने विरळ झाले होते. मान आखडली की ती भिंतीला पाठ टेकून थोडा वेळ उभी राहायची आणि परत वाळूच्या ढिगाकडे जायची. घरात तिची कमाई होती, पण ती बिगाऱ्याची. घर चालायचं ते थापीवर.

थापी बंद पडली तशी म्हातारीने, म्हणजे सासूने, हिशेबीपणाने तोंड उघडलं.

"ठेकेदाराच्या बहिणीला शहरात एक मुलगी हवी आहे. घरात राहून वरकाम करणारी. खायला-ल्यायला देतील, वर महिन्याचे पैसे इकडे पाठवतील. आपली पोरगी आता काही लहान नाही."

"तिची शाळा आहे, आई," डावरी म्हणाली.

"शाळेतून पीठ मिळतं का? मिळत असेल तर सांग, मीही जाऊन बसते."

पोरगी दारातच होती. तिने आईकडे पाहिलं, मग बापाकडे. बापाने हातांवरची नजर काढली नाही. डावरी स्वतः ह्याच वयात अशीच एका घरी राहिली होती. डावा हात पुढे केला की तिथे पळीने बोटांवर मार बसायचा आणि मार खाल्लेल्या हातानेच पुन्हा भांडी घासावी लागायची. त्या घराबद्दल ती नवऱ्याशीही कधी बोलली नव्हती. आपण मेलो तरी चालेल, पण पोरीला त्या वाटेने धाडायचं नाही, एवढं मात्र तिचं पक्कं होतं.

"मी शिकते गिलावा," ती म्हणाली.

म्हातारी हसलीच. "बाई, भिंत सारवणं नाही ते."

"सारवणं नाही हे मला माहीत आहे. इतकी वर्षं खाली उभी राहून बघतेच आहे."

"बघून शिकता येत असतं तर मांजर एव्हाना गवळी झालं असतं."

मिस्त्री उठून आत गेला, आणि कोपऱ्यातली थापी दोन तळव्यांत धरून बाहेर आणून तिच्या पुढ्यात टाकली. म्हातारीनेही मग ताणलं नाही. दवाखान्याची नवी इमारत चालली होती, तिचं आतलं काम संपेपर्यंत बघू म्हणाली. तोवर घरात थापीची कमाई आली तर पोरगी राहील, नाही आली तर ठेकेदाराची गाडी येईल तिच्यातून जाईल. आणि मग आडवं यायचं नाही. डावरीने मान हलवली.

घराच्या मागची भिंत हीच तिची शाळा झाली. सिमेंट आणणार कुठून? मिस्त्रीने चाळलेली माती, राख आणि थोडी वाळू असा माल करायला लावला. दिवसा ती दवाखान्याच्या कामावर बिगारी जायची आणि ऊन उतरलं की मागे येऊन भिंत थापायची. थापलेलं दुसऱ्या दिवशी खरवडायचं, चाळायचं, भिजवायचं आणि तेच पुन्हा थापायचं. मिस्त्री बाजेवर बसून तोंडाने शिकवायचा, आणि हात नसलेल्या माणसाचं तोंड किती चालतं हे तिला तेव्हा कळलं.

"मनगटातून मार. खांद्यातून नको."

"मारते आहे."

"मारत नाहीस, फेकतेस. खरकटं टाकल्यासारखं."

माल भिंतीवर बसायचा, जरा विचार केल्यासारखा थांबायचा, आणि अख्खाच्या अख्खा तिच्या पायावर उतरायचा. तोंडावर, पदरात, दातांत माती. त्याने तिला उजव्या हातात थापी धरायला लावली होती. गिलाव्यात डावं-उजवं चालत नाही म्हणे. तिच्या उजव्या हाताला पळीसुद्धा धड धरता येत नव्हती, तो थापी काय धरणार? खालून सांगणं सोपं असतं असं ती मनात म्हणायची. पण इतकी वर्षं खाली तीच होती, आणि तिने कधी वरच्याला काही सांगितलं नव्हतं.

एका संध्याकाळी पाचव्यांदा माल खाली आला आणि बाजेवरून आवाज आला, "हात नाही तो, फावडं आहे. जा, पोरीचं गाठोडं बांध."

तिचं डोकं फिरलं. तिने थापी डाव्या हातात घेतली, मालात खुपसली आणि भिंतीवर अशी हाणली की पलीकडच्या घरातलं कुत्रं भुंकायला लागलं. माल बसला. तिने दुसरी थापी मारली, तीही बसली. तिसरी तिच्या शेजारी, चौथी वर. तिने मागे वळून पाहिलंच नाही. भिंतीचा तेवढा पट्टा भरेपर्यंत ती मारत राहिली, आणि थांबली तेव्हा तिला धाप लागली होती.

मिस्त्री उठला आणि तिच्या शेजारी न येता समोर, भिंतीला पाठ लावून, तिच्याकडे तोंड करून उभा राहिला.

"आता माझ्याकडे बघ. माझा उजवा हात तुझ्या डाव्या हातासमोर आला. मी करतो तसं कर."

फडकं गुंडाळलेला हात त्याने हवेत चालवायला सुरुवात केली. रंधा म्हणजे लाकडी फळी, ती भिंतीवरून कशी फिरवायची, कुठे दाब द्यायचा, कुठे नुसतं शिवायचं, हे सगळं तो हवेत करायचा आणि ती त्याच्या दोन्ही बाजूंना भिंतीवर उमटवायची. कधी तिचा रंधा त्याच्या कानाजवळून जायचा, तरी तो हलायचा नाही. दिवसेंदिवस तोंड कमी चाललं आणि हात जास्त. म्हातारी चुलीपाशी बसून हा तमाशा बघायची. एकदा म्हणाली, लग्नात एवढं तोंडाकडे बघितलं नव्हतं दोघांनी. पोरगी खुदकन हसली, आणि डावरीलाही हसू आलं. पण हात थांबला तसा मिस्त्री खेकसला, आणि रंधा पुन्हा चालू झाला.

शिकली, पण पुढे काय? बाईच्या हातात थापी कोण देणार? दवाखान्यावरचा मुकादम वाईट माणूस नव्हता, पण त्याच्या कामावर बायका घमेली उचलत, वाळू चाळत, पाणी मारत. थापी धरलेली बाई त्याने पाहिली नव्हती आणि पाहायची हौसही त्याला नव्हती. तेव्हा मिस्त्रीने डोकं चालवलं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसा मिस्त्री. खिशात हात घालून तो मुकादमापुढे उभा राहिला.

"हात बरे झाले. मागच्या बाजूच्या खोल्या मला उक्त्या द्या. बिगारी माझी मी आणतो."

"बिगारी कोण, वहिनीच ना?"

"तीच. दुसऱ्या कुणाशी माझं जमत नाही."

"तुमच्याशी दुसऱ्या कुणाचं जमत नाही म्हणा," मुकादम म्हणाला आणि त्याने खोल्या दिल्या.

मिस्त्रीने खिडक्यांच्या भोकांना गोणपाटं लावून घेतली, दाराच्या चौकटीला फळ्या टेकवून घेतल्या. बाहेर उन्हाची झळ होती, अशा वाऱ्यात गिलावा तडकतो हे सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे कुणी काही विचारलं नाही. आत भट्टी. डावरी माल कालवायची, तीच उचलायची, तीच पहाडावर चढायची, तीच थापायची. बिगारीही ती आणि कारागीरही ती. मिस्त्री खोलीच्या मधोमध उलट्या घमेल्यावर बसून बोटाने दाखवायचा, आणि बाहेर कुणाची चाहूल लागली की मोठ्याने ओरडायचा, "अगं, माल आण लवकर, हात थांबलाय माझा."

तिला ते ऐकताना काही तरी व्हायचं. थापी तिच्या हातात, घामाने डोळे चुरचुरताहेत, आणि बाहेर ऐकू काय जातंय? पण ती म्हणायची, जाऊ दे, कुणाच्या का नावावर असेना, पोरगी घरी आहे. पहिल्या खोलीची एक भिंत खालच्या अंगाला फुगली, तर त्याने तिला अख्खी भिंत खरवडायला लावली. ती बसून रडली आणि उठून तिने भिंत खरवडली. दुसऱ्या खोलीला ओळंबा लावून त्याने पुन्हा पुन्हा पाहिलं, मग नुसतं "हं" म्हणाला. ते "हं" तिने घरी नेलं आणि पोरीला सांगितलं.

मुकादम येऊन भिंतींवरून हात फिरवायचा. "मिस्त्री, हात गेले म्हणत होते तुमचे. हे तर आधीपेक्षा बरं उतरलंय."

"काम करणाऱ्याचं काम थांबतं होय?" मिस्त्री खिशातले हात न काढता म्हणायचा. डावरी खाली मान घालून सांडलेला माल गोळा करत असायची.

पुढच्या बाजूला दुसरा एक गिलाव्याचा कारागीर होता. त्याचा आवाज बसका, म्हणून त्याला घोगरा म्हणायचे. मिस्त्रीच्या बरोबरीचा, दोघांनी एकाच म्हाताऱ्या कारागिराकडे हात बसवलेला, आणि एकमेकांच्या भिंतीतलं व्यंग शोधल्याशिवाय दोघांना जेवण जात नसे. एका सकाळी डावरी खिडकीचं गोणपाट काढत होती. कोवळं ऊन भिंतीला घासून आडवं आत आलं, आणि नेमका घोगरा विडी पेटवायला काडी मागत दारात आला. काडी राहिली बाजूला. तो भिंतीपाशी गेला आणि डोकं जवळपास भिंतीला टेकवून उन्हाच्या बाजूला बघत राहिला.

रंधा फिरतो तेव्हा भिंतीवर पुसट कमानी उमटतात. एरवी त्या कुणाला दिसत नाहीत, पण आडव्या उन्हात दिसतात, आणि हा धंदा करणाऱ्याला त्या वाचता येतात. उजव्या हाताची कमान एका अंगाला उघडते, डाव्या हाताची दुसऱ्या. सगळ्या भिंतीभर कमानी उलट्या अंगाला उघडल्या होत्या.

"मिस्त्री," घोगरा सावकाश म्हणाला, "तू डावरा कधी झालास रे?"

मिस्त्री घमेल्यावरून उठला. "उजव्याला थोडं लागलंय. डाव्याने करतो."

"डाव्याने तुला नाक शिंकरता येत नाही. मी ओळखत नाही का तुला?" घोगऱ्याने डावरीकडे पाहिलं. तिच्या डाव्या हातात अजून गोणपाट होतं, मनगटापर्यंत सिमेंट वाळलेलं. मग तो काडी न घेताच गेला, आणि थोड्या वेळाने मुकादमाला घेऊन आला. मागून बिगारी, बायका, सुतार, जे मोकळे होते ते सगळे. ज्यांना काम होतं तेही.

मुकादमाने आरडाओरडा केला नाही. त्याने थापीवर माल घेतला आणि मिस्त्रीपुढे धरला. "मारा एक हात. डावा, उजवा, कुठलाही. मी ह्या घोगऱ्याला घरी पाठवतो उगाच बोंब मारली म्हणून."

मिस्त्रीने खिशातून हात काढले. फडकी ओली झाली होती. त्याने थापी धरली, बोटं मिटेनात, म्हणून तळव्याने दाबून धरली आणि मारली. थापी सुटली. माल आणि थापी दोन्ही खाली त्याच्याच पायांशी पडली. मागे कुणीतरी हसलं आणि मग हसणं दाबलं. मिस्त्री वाकून थापी उचलायला गेला, ती त्याला उचलता येईना. डावरीने पुढे होऊन ती उचलली. उचलली नसती तर बरं झालं असतं असं तिला लगेच वाटलं, कारण आता थापी तिच्या डाव्या हातात होती आणि सगळे त्या हाताकडे बघत होते.

"भिंती वहिनींनी केल्या?" मुकादमाने विचारलं.

"मी शिकवलं तिला," मिस्त्री म्हणाला.

मुकादमाने भिंतीवर बोटं वाजवत एक फेरी मारली. पोकळ आवाज कुठे आला नाही. त्यामुळे तो जास्तच चिडला. वाईट काम असतं तर घालवून दिलं असतं, सोपं होतं. "खोटं बोलून काम घेतलंत हे बरं नाही केलंत, मिस्त्री. आज ठेकेदार मला काय म्हणेल?" तो थोडा वेळ दाढी खाजवत राहिला. "भिंत कुणीही करेल. मोठ्या खोलीचं छत राहिलंय. उद्या दुपारी पाण्याचे नळ बसवायला माणसं येताहेत, त्यांच्या आधी छत पुरं व्हायला हवं. छत नीट झालं तर थापी हिची, मग मला कोण काय म्हणतो ते मी बघतो. पडलं तर तुम्ही दोघं घरी, आणि ह्या खोल्यांच्या पैशांचंही काही बोलायचं नाही."

"छत एका हाताचं काम नाही," घोगरा म्हणाला. "तिला बिगारी कोण?"

मुकादमाने जमलेल्यांकडे पाहिलं. पुरुष बिगारी इकडेतिकडे बघायला लागले. बायकांतली एक, जिच्याबरोबर डावरीने कालपरवापर्यंत वाळू चाळली होती, ती म्हणाली, "आज मी हिला माल देऊ आणि उद्या हिने मला दटावायचं? मला नाही जमणार." बाकीच्या आपापल्या घमेल्यांकडे वळल्या.

घरी बातमी त्यांच्या आधी पोचली होती. म्हातारीने पोरीचे कपडे एका गाठोड्यात बांधून दारापाशी ठेवले होते. ठेकेदाराची गाडी उद्या दुपारी शहराला परत जाणार होती. हात दाखवून अवलक्षण ते हेच, म्हातारी म्हणाली, गुपचूप घमेली उचलली असतीत तर निदान तेवढं तरी राहिलं असतं.

"माल मी देते आईला," पोरगी म्हणाली.

"तू शाळेत जाशील," डावरी म्हणाली.

"गाडीत बसले तर शाळा कुठे आहे?"

डावरीने ताट वाढलं. कुणी नीट जेवलं नाही. मिस्त्री भिंतीकडे तोंड करून पडला होता, तो झोपला नव्हता हे तिला पाठीवरून कळत होतं. तिला त्याचा राग आला होता आणि त्याच्या पायांशी पडलेली थापी आठवली की तो राग धरताही येत नव्हता. उद्या दोघांची कामं एकटीने करायची, चढायचं, उतरायचं, कालवायचं, चढायचं, असं ती मनात जुळवून बघत होती आणि ते जुळत नव्हतं.

सकाळी ती कामावर पोचली तर मोठ्या खोलीत वाळू चाळून झाली होती. मिस्त्रीने तळव्यांवर प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या होत्या, त्यावर फडकी, आणि डोक्यावर तिचीच जुनी चुंबळ. फावड्याचा दांडा काखेत धरून तो माल ओढत होता. दारात बिगाऱ्यांची गर्दी होती.

"मिस्त्री, चुंबळ शोभते हो," कुणीतरी म्हणालं.

"नाकापेक्षा मोती जड," घोगरा म्हणाला, पण त्याला स्वतःलाच ते फारसं आवडलं नसावं. तो तिथून निघून गेला.

मिस्त्रीने वर पाहिलं नाही. "आधी छत भिजव," तो तिला म्हणाला. "मग सिमेंटचं पाणी मार. ते ओलं असेपर्यंत थापायला लाग. मध्ये थांबायचं नाही. थांबलीस तर कड वाळेल, सांधा राहील, आणि सांध्यातून सगळं छत खाली येईल."

ती पहाडावर चढली. छत म्हणजे भिंत नव्हे. मान मागे टाकून, तोंड वर करून, डोक्यावर माल मारायचा. निम्मा चिकटतो, निम्मा डोळ्यांत येतो. पहिल्या काही थाप्या आल्या त्या तिच्या कपाळावर. मग मनगट सापडलं. कोपऱ्यापासून ती पुढे सरकत गेली, थापायची, रंध्याने दाबायची, पुन्हा थापायची. मिस्त्री घमेलं डोक्यावर घेऊन शिडीच्या चार पायऱ्या चढायचा आणि मान वाकवून तिच्या पुढ्यात ओतायचा. ऊन चढलं. गर्दी पांगली. मान तुटायची वेळ आली, पण निम्म्याहून जास्त छत पुरं झालं होतं आणि सुरुवातीनंतर एकही थापी खाली आली नव्हती. मुकादम दोनदा येऊन वर बघून गेला.

मग बाहेर गाडीचा आवाज आला.

तिने वरूनच दारातून पाहिलं. ठेकेदाराचा ड्रायव्हर मालाच्या ढिगापाशी उभा राहून मिस्त्रीशी बोलत होता. रस्त्याच्या कडेला म्हातारी पोरीचा हात धरून उभी होती, पोरीच्या काखेत गाठोडं. मिस्त्रीचं घमेलं रिकामंच होतं, ते त्याने छातीशी धरलं होतं. ड्रायव्हर काही विचारत होता आणि मिस्त्री मान खाली घालून ऐकत होता. नाही म्हणत नव्हता. होही म्हणत नव्हता. दोन्ही हातांत रिकामं घमेलं धरून नुसता उभा होता, डॉक्टरकडून आला त्या दिवशी ओट्यावर बसला होता तसा.

तिच्या पुढ्यातला माल संपला होता. तिने फळीवर सांडलेलं गोळा केलं, तेही संपलं. डोक्यावरची कड पांढुरकी पडायला लागली होती.

"अहो," ती म्हणाली.

त्याला ऐकू गेलं नाही. लग्न झाल्यापासून तिने त्याला ह्याहून मोठ्याने हाक मारली नव्हती. "अहो, ऐकलं का?" ती पुन्हा म्हणाली. आवाज छताला लागून तिच्याच अंगावर आला. तिकडे ड्रायव्हरने घड्याळाकडे बघितलं आणि पोरीच्या दिशेने हात केला. म्हातारीने पोरीचा हात सोडला. पोरगी एक पाऊल पुढे आली.

डावरीने कडेवर बोट ठेवून पाहिलं. अजून ओल होती. थोडीच. तिने दातांत आलेली वाळू थुंकली आणि छाती भरून घेतली.

"ए, माल आण."

सगळं काम थांबलं. सुताराची करवत थांबली, वाळू चाळणाऱ्या बायका थांबल्या. तो आवाज बाईचा होता, पण बोलणं पहाडावरच्या कारागिराचं होतं. मिस्त्री तिला इतकी वर्षं जशी हाक मारत आला होता, अगदी तशीच ती हाक होती, तोच जोर, तीच चीड. मिस्त्रीने दचकून वर पाहिलं. तिला वाटलं, संपलं, आता हा घमेलं टाकून निघून जाईल, आणि गेला तरी त्याला बोल लावता येणार नाही. तरी ती पुन्हा ओरडली.

"ऐकू येत नाही का? कड वाळतेय. माल आण."

"आलो," मिस्त्री म्हणाला.

त्याने ड्रायव्हरकडे वळून काहीतरी सांगितलं. तिला शब्द ऐकू आले नाहीत, पण ड्रायव्हरने खांदे उडवले आणि तो गाडीकडे गेला. गाडी सुरू होऊन रस्त्याला लागली. पोरगी होती तिथेच उभी राहिली, गाठोडं काखेत तसंच. मिस्त्रीने फावड्याचा दांडा काखेत घेतला, पण फावडं सटकलं. घाई झाली होती. त्याने फावडं टाकलं, आणि दोन्ही हात ओल्या मालात कोपरापर्यंत घालून घमेलं भरलं.

तो शिडी चढून आला. त्याने घमेलं तिच्या पुढ्यात ओतलं. पिशव्या फाटल्या होत्या, त्यांच्या आत माल शिरला होता, आणि बोटांच्या भेगांमधून राखाडी पाण्याबरोबर लाल ओघळ मनगटावर उतरत होता. त्याचे ओठ आवळलेले होते. डावरीचा थापी धरलेला हात खाली आला.

"हात धुऊन या," ती म्हणाली. "आधी हात धुऊन या."

"धुतो नंतर. तू वर बघ."

तिने वर बघितलं आणि थापी मारली. माल बसला. तिने दुसरी मारली. मान मागे टाकलेली होती म्हणून डोळ्यांतलं पाणी खाली न येता कानात जात होतं. खाली रिकामं घमेलं घेऊन तो शिडी उतरत होता, आणि अजून बरंच छत बाकी होतं.

"ए," ती म्हणाली, ह्या वेळी हळू. "पुढचं भरून ठेव."